साच्यातलं पाऊल

हसायचं असेल तर हसा. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय आणि मी तिथं उभा होतो.

यंदाचा वैशाख. मानवतच्या बाहेर स्टीलचे पार्ट ओतणारी एक लहान फाउंड्री आहे. माझे दाजी, मल्हारी, तिथं वाळूचे साचे बनवतात. मी भट्टीवर.

बाहेरची वाळू यायची बंद झाली. मालक चिडले. मग दाजींनी सोनपेठकडून, गोदावरीच्या काठची ट्रॅक्टरभर वाळू आणली.

बेंटोनाइटची चिकणमाती आणि पाणी घालून मळली. मूठ दाबली तर हाताच्या रेषासुद्धा उठल्या. लय चिवट वाळू.

दुपारी साचा तयार झाला. आम्ही हात धुवून परत आलो...

साच्यात एक पाऊल होतं.

इवलंसं. पाची बोटं स्पष्ट.

दाजींनी ते बुजवलं. वाळू पुन्हा ठोकली. मागं वळून बघितलं...

आता दोन होती.

तेवढ्यात माझी बहीण दैवशाला डबा घेऊन आली. साच्याकडं बघून थबकली.

"वाळू कुठली हाय ही?"

दाजी फावडं पुसत राहिले.

"नदीच्या आपल्या वळणावरची?"

त्यांची मान खाली गेली.

वाळू कुठून आली ते मला तेव्हा कळलं. पाळण्यातच गेलेलं त्यांचं लेकरू दाजींनी त्याच वळणावर पुरलं होतं.

"तिथली वाळू चांगली हाय म्हनून..." दाजी पुटपुटले. "जागा सोडून खंदली व्हती गं."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

एवढंच म्हणाली, "त्याला चालता कुठं येत व्हतं?"

त्याच दिवशी सगळी वाळू आम्ही काठावर नेऊन टाकली. दाजी तिथं रडले. ती लांब उभी राहिली.

पुढं बाहेरची नवी वाळू परत यायला लागली. नवा साचा केला, बंद केला. मी वितळलेल्या स्टीलची बादली साच्यावर आणली...

आतून आवाज आला.

थप... थप... थप.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. पण एवढ्या माणसांत लाजेनं शब्द फुटेना.

"ओता की! थंड व्हायलंय!" मालक ओरडले.

मी ओतलं.

पार्ट स्वच्छ निघाला. एक डाग नाही.

परवा राखीला दैवशालानं हळूच विचारलं, "आता काई दिसतंय का रे तिथं?"

"न्हाई," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. दिसत काहीच नाही.

पण ती ओवाळत होती, आणि मला तिच्याकडं मान वर करून बघता आलं नाही.