शिरेतला नेमसिंग

आर्णीच्या बाजारातून मीठ-मिरची घेऊन लालसिंग तांड्यावर परतला, तेव्हा दुपार कलली होती. दाराशी येताच तो थबकला. आत कुणी पुरुष बोलत होता. तो घोगरा, दाटलेला आवाज त्याच्या थोरल्या भावाचा, नेमसिंगचा होता. आणि नेमसिंगला जाऊन तीन पावसाळे झाले होते.

"कोन आहे आत?"

"मीच आहो... दुसरं कोन राहीन?"

चुलीपाशी बसंतीबाई एकटीच होती, शेळीशी बोलत.

ती नेमसिंगची विधवा. तो गेल्यावर पंचांनी तिचं लालसिंगशी लावून दिलं होतं. होळीपासून तिच्या हनुवटीवर राठ केस उगवले, गळा बाप्यासारखा झाला, उजव्या बरगडीखाली गाठ हाताला लागू लागली. तांडा म्हणे, नेमसिंग अंगात शिरला. लालसिंगला भीती वाटली नाही. त्याचा जळफळाट झाला. ती 'जेवता का?' म्हणाली तरी त्याला वाटे, भाऊच आपल्याला हिणवतोय. जिवंत होता तोवर बाई त्याची. मेला तरी सोडत नाही!

पाय सुजले तेव्हा त्यानं तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

"मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "फार क्वचित दिसतो. त्याच्यामुळंच बाईला दाढी आली, आवाज फुटला. हृदयाकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेत घुसलाय."

"हृदयात पोचला का, डॉक्टरसाहेब?"

"अजून नाही. पण शीर उघडावी लागेल. बाई टेबलावरच जाऊ शकते."

"काढा त्याले," लालसिंग दात आवळून म्हणाला. "मुळासकट काढा."

बिचारा बायकोसाठी तळमळतोय, असं डॉक्टरांना वाटलं.

डॉक्टरांनी शीर दाबून धरली, चिरली, आत वेलीसारखी वाढत गेलेली गाठ सबंध ओढून काढली. बसंतीबाई वाचली. घरी आल्यावर हळूहळू तिच्या हनुवटीवरचे केस झडले, आवाज निवळला. लालसिंग पुन्हा हसू-बोलू लागला.

एका दुपारी ती खाटेच्या अगदी काठावर निजली होती. पलीकडं भिंतीपर्यंत खाट मोकळीच. तो तिच्याशेजारी टेकायला गेला.

"तिकडं नोका निजू..." ती कुजबुजली. आवाज बारीक, तिचा स्वतःचा.

"काहून?"

"डॉक्टरानं त्याले बाहेर काढलं ना... मंग तो कुठी जाईन?"

लालसिंगनं पाहिलं. तिच्या नि भिंतीच्या मधली गोधडी माणसाच्या लांबीएवढी दबली होती. त्यानं हात ठेवला. गोधडी ऊन होती...

आणि कुणी कूस बदलावी तशी खाटेची सुंभं करकरली.