डाव्या कोपराचं भोक

मावशीचा हात सैल होता. खर्चाच्या बाबतीत नव्हे, विणण्याच्या. ज्या सुयांवर, जितक्या टाक्यांत दुसऱ्या बायका अंगाबरोबर बसणारा स्वेटर काढायच्या, तितक्याच टाक्यांत मावशीचा ढगळ व्हायचा. मावशीकडून एकच विणून घ्यावा आणि नवरा-बायकोने मिळून घालावा, असं गल्लीत म्हणायचे आणि त्यावर मावशीसुद्धा हसायची. पस्तीस वर्षं ती घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसून स्वेटर, मोजे, टोप्या विणत होती, फाटलेलं दुरुस्त करून देत होती. सैल का होईना, तिच्या हातचा टाका कधी सुटला नव्हता.

त्या मंगळवारी तिने दुपारी चारलाच दिवा लावला. आठवडा झाला तरी धुकं हलायचं नाव घेत नव्हतं. समोरचं दुकान दिसत नव्हतं आणि रस्त्याच्या टोकाचा कालवा तर नुसता ऐकू यायचा. मावशीच्या मांडीवर नातीचा स्वेटर होता. नात पाच वर्षांची. तिचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरीला पिवळाधमक स्वेटर हवा होता. तिच्या आईला, म्हणजे मावशीच्या लेकीला, मळ दिसणार नाही असा तपकिरी. भांडण आजीपुढे आल्यावर निकाल काय लागला हे सांगायला नको. फक्त पिवळी लोकर मनगटापाशी येऊन संपत आली, गळ्यापुरतीच उरली, आणि दुकानात नव्याने आलेली पिवळी एका छटेने वेगळी निघाली. म्हणून मावशीने दोन्ही मनगटांच्या पट्ट्या पोपटी केल्या. त्यातल्या डाव्या पट्टीत, शेवटून तिसऱ्या ओळीत, सुलट्याच्या जागी एक टाका उलटा पडला. लक्षात आलं तेव्हा टाके बंद करून झाले होते. एरवी तिने उसवलं असतं. काल तिने कंटाळा केला. कोण बघतंय, असं म्हणाली आणि गळ्याकडे वळली.

आता गळ्याचे शेवटचे टाके चालले होते. मान वर केली तर दारात एक बाई उभी. राखाडी कोट, हातांत हातमोजे, वयाने मावशीपेक्षा दहा वर्षं तरी मोठी. दाराची कडी वाजल्याचं काही मावशीला आठवेना.

"या ना, बसा."

बाई बसली नाही. खोलीकडे बघत राहिली. लोकरीचं कपाट, खिडकी, कोपऱ्यातलं इस्त्रीचं टेबल, एकेका वस्तूवर तिची नजर थांबून थांबून जात होती.

"एक कोपर दुरुस्त करायचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "लहान मुलीचा स्वेटर आहे. खूप जणींना दाखवला. त्यांचा हात घट्ट लागतो, ठिगळ वेगळं दिसतं... तुमच्याच हातचं हवं होतं."

"सैल हात म्हणून शोधत आलेल्या तुम्ही पहिल्याच," मावशी म्हणाली. बाई हसली नाही.

"कोणासाठी आहे?"

"नातीसाठी. पाच वर्षांची आहे."

"माझीही पाचच. आधी कोणाचा होता?"

"माझ्या लेकीचा." बाईने पिशवी टेबलावर ठेवली. हात काढून घ्यायला मात्र तिला वेळ लागला. "त्या दिवसानंतर तिच्या अंगावर परत चढला नाही."

कोणता दिवस, हे मावशीने विचारलं नाही. कपडे दुरुस्त करायला आणणाऱ्या माणसांना किती विचारावं हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. गुरुवारी या, म्हणाली. दारात बाई जरा थबकली आणि धुक्यात गेली.

पिशवी उघडली तर आधी वास आला. शेवाळाचा, गाळाचा, कालव्याच्या काठी बसल्यावर येतो तसला. मग स्वेटर हाती लागला. धुऊन धुऊन विटलेला, मऊ पडलेला, पण मूळचा पिवळा. मनगटाच्या पट्ट्या पोपटी होत्या.

मावशीला आधी गंमत वाटली. पोपटी पट्टीची कल्पना आणखी कोणाला तरी सुचली होती तर. मग तिने सवयीने टाके मोजले. तिच्याइतकेच. टाके सैल, तिच्याइतकेच. तिने डावी बाही दिव्याखाली धरली आणि शेवटून तिसऱ्या ओळीवरून नख फिरवलं. नख एका टाक्याला अडलं. उलटा होता.

दोन्ही स्वेटर तिने टेबलावर एकावर एक ठेवले, काठाला काठ, खांद्याला खांदा. कुठे केसभर फरक नव्हता. एक अजून सुईवर होता आणि दुसऱ्याला चाळीस वर्षं झाली असावीत.

डाव्या कोपराला भोक होतं. झिजलेलं कोपर तिला चांगलं ओळखू यायचं. त्यात धागे आधी विरळ होतात, मग तुटतात. हे तसं नव्हतं. बाहेरून काहीतरी टाक्यांत शिरलं होतं आणि त्याने जोरात ओढलं होतं. असं भोक तिने एकदाच पाहिलं होतं, कालव्याच्या चौकीदाराच्या स्वेटरला. शेवाळ ओढायच्या लांब काठीचा आकडा त्याने स्वतःच्याच बाहीत अडकवून घेतला होता. पाण्यात पडलेलं काहीही तो त्याच काठीने बाहेर काढायचा.

लेक आणि भिंगरी आत आल्या तेव्हा मावशी दोन्ही स्वेटरवर शाल टाकून बसली होती.

"झाला का गं, आई?"

"नाही."

"काल म्हणालीस गळाच राहिलाय."

"राहिला थोडा." मावशीचा आवाज तिलाच परका वाटला. "आणि हे बघ, शाळेला कालव्यावरून जाऊ नका. मोठ्या रस्त्याने जा."

"अर्धा तास लांब पडतं. कशाला?"

"मी सांगते म्हणून."

"धुकं डोक्यात गेलंय तुझ्या," लेक हसत म्हणाली. भिंगरी तोवर शालीची कड उचलून बघत होती. "आजी, माझा पिवळा दिसला!" मावशीने शाल इतक्या जोरात दाबली की पोर बिचकून आईच्या मागे लपली.

त्या गेल्यावर मावशीने दार लावलं. अंगावर परत चढला नाही, असं बाई म्हणाली होती. म्हणजे पोर पुढे वाढलीच नाही, तिच्यासाठी मोठ्या मापाचा दुसरा विणावा लागला नाही. आईने चाळीस वर्षं जपून ठेवला. आणखी काय अर्थ असणार? जो स्वेटर विणलाच नाही, तो घालून पोर पाण्यात कशी पडेल? तिने सुई ओढून काढली, धाग्याचं टोक धरलं आणि उसवायला लागली. टाके टचटच सुटत होते. तीन आठवड्यांचं काम तासाभरात गेलं आणि नागमोडी पिवळ्या धाग्याचा ढीग तिच्या पायाशी पडला. ती रडत होती, पण थांबली नाही.

गुरुवारी दुपारी बाई आली. या वेळीही कडी वाजली नाही.

"झालं कोपर?"

जुना स्वेटर टेबलावरच होता. मावशीने त्याला सुई लावली नव्हती. "आधी मला सांगा, तुमच्या लेकीचं काय झालं?"

बाईने हातमोजा काढला आणि कोपराच्या भोकावरून बोट फिरवलं. "कालव्यात पडली होती. असंच धुकं होतं. पाण्यात पिवळं दिसलं म्हणून चौकीदाराने काठी टाकली. आकडा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा कोपरात अडकला. बाही ढगळ म्हणून अडकला, नाहीतर हाती लागली नसती, असं तो म्हातारा मरेपर्यंत सांगायचा." तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "वाचली. पण पुढे कितीतरी वर्षं पिवळा स्वेटर दिसला की रडायची, घालूच द्यायची नाही. आता तिची स्वतःची मुलगी पाच वर्षांची झालीय. परवा तीच म्हणाली, आई, तो दुरुस्त करून आण."

मावशीचं लक्ष शब्दांवर नव्हतं. बाईच्या उघड्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, त्रिकोणी, इस्त्रीच्या टोकाचा. मावशीची लेक सात वर्षांची असताना त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी इस्त्रीने अगदी तिथेच भाजली होती. मावशीने स्वतः तिचा हात गार पाण्यात धरला होता. शब्द तिच्या कानापर्यंत मागाहून पोचले.

"मी उसवला," मावशी म्हणाली. "नवा... मी सगळा उसवला गं."

बाईचं बोट भोकावरच थांबलं.

"आई," ती म्हणाली. "आई, मग आकडा कशात..."

पुढचं तिला सापडेना. तिने स्वेटरकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरची ओळख जात गेली.

"कधी पडली? कोणत्या दिवशी? बोल गं!" मावशीने तिचं मनगट धरलं. ते बर्फासारखं गार होतं.

"कोण?"

"तुझी लेक!"

"मला... कोणी नाही," बाई सावकाश म्हणाली. "मी इथे कशाला आले होते?" तिने हात सोडवून घेतला, मोजा चढवला आणि चुकीच्या घरात शिरल्यासारखी अवघडून बाहेर पडली. मावशी दारापर्यंत धावली. रस्त्यावर नुसतं धुकं होतं. स्वेटर तेवढा टेबलावर राहिला होता.

त्यानंतर मावशीने सुया खाली ठेवल्या नाहीत. पिवळ्या धाग्याला वाफ दिली, गुंडे केले, तेवढेच टाके घातले. मधल्या वेळात चौकीदाराकडे जाऊन आकड्याची काठी हाताशी ठेव म्हणून सांगून आली, तर तो म्हणाला, आता आणखी कोणाचा स्वेटर फाडायचाय? लेकीला तिने पुन्हा मोठ्या रस्त्याने जायची शपथ घातली. लेक हो म्हणाली, काळजीने आईचं कपाळ चाचपून गेली. पण पोरीला किती दिवस घरात डांबणार, आणि कोणत्या दिवसासाठी? तिच्या अंगावर स्वेटर हवा, एवढंच मावशीला कळत होतं.

जुना स्वेटर तिने समोरच्या फळीवर ठेवला होता. दर चार ओळींनी ती उठून त्याचं कोपर बघायची. भोक आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडायचा. ज्या भोकाने तिची झोप उडवली होती, तेच आता तिला पोरीचा श्वास वाटत होतं. काहीही वेगळं व्हायला नको म्हणून ती ओळी मोजायची, टाके मोजायची, पुन्हा मोजायची. मनगटाला पोपटी पट्टी केली. शेवटून तिसऱ्या ओळीत तोच टाका जाणूनबुजून उलटा घातला. बोटं आखडली होती, धाग्याने तर्जनीवर वळ उठला होता. पस्तीस वर्षांत असा वळ कधी उठला नव्हता. तिकडे तिने लक्ष दिलं नाही.

सोमवारी सकाळी स्वेटर तयार झाला. लेक शाळेच्या वाटेवर भिंगरीला घेऊन आली. मावशीने स्वतः स्वेटर तिच्या डोक्यातून घातला, हात बाह्यांतून काढले, आणि पोरीला उराशी इतकं धरलं की ती कुरकुरली.

"टोचतोय, आजी."

"टोचू दे. काढायचा नाही. काहीही झालं तरी काढायचा नाही, कळलं?"

भिंगरीने एक गिरकी घेऊन दाखवली. लेकीने घड्याळाकडे पाहिलं. "उशीर झालाय, आई. आज कालव्यावरून नेते, रागावू नकोस."

मावशी रागावली नाही. स्वेटर अंगावर होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिची छाती मोकळी झाली होती. ती उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. चार पावलांवर धुकं दोघींवर मिटलं. पिवळा रंग तेवढा जरा वेळ दिसत राहिला, मग तोही गेला. धुक्यातून लेकीचा आवाज आला, कौतुकाचा.

"आणि आई, बसलाय मात्र झकास! अगदी अंगाबरोबर. जन्मात पहिल्यांदा तू घट्ट विणलंस!"

मावशी हसली. हसता हसता तिची नजर स्वतःच्या तर्जनीवर गेली, त्या लाल वळावर.

ती आत वळली. चालताना टेबलाला धडकली, सुया खाली पडल्या. फळीवरचा जुना स्वेटर तिने ओढून घेतला. तो जड होता. हाताला ओला लागला, आणि त्यातून निथळलेलं पाणी तिच्या पायांवर पडलं. टाके घट्ट होते, एकाला एक चिकटून बसलेले, त्यांत सुईचं टोकसुद्धा शिरलं नसतं. तिने डावी बाही धरली आणि खालून वर, वरून खाली, बोटांनी भोक शोधलं. पुन्हा शोधलं. मग बाही उलटी केली आणि आतून शोधलं.

कोपर धड होतं. कोणीही ते दुरुस्त केलेलं नव्हतं.