उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

परभाषा शिकणारा मनुष्य केवळ शब्द ग्रहण करीत नाही. ज्याच्या मुखातून ते शब्द येतात, त्याची रीतही तो नकळत अंगी आणतो. गुरुजींपाशी शिकलेला गुरुजींसारखा खाकरतो आणि बाजारात शिकलेला घासाघीस करीत बोलतो. म्हणून भाषा कोणापासून शिकावी, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. जी वाणी आपण समोरच्याला जिंकण्यासाठी कमावली, तिच्याच आधाराने एखाद्या दिवशी स्वतःचे मन उघडे करायची वेळ आली, तर ती साथ देईल का? नवापूरच्या दीपालीवर ही वेळ आली, आणि तिच्या शेजारी बसून तीच भाषा शिकणाऱ्या एका तरुणावरही आली.

नवापूर हे समुद्राकाठचे मच्छीमारांचे गाव. दीपाली तिथल्या मराठी शाळेत शिकली, पुढे रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या एका कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू झाली. इंग्रजी तिला वाचता येई, लिहिता येई. बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळूला चिकटे. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर वकिलांची एक विदेशी मालिका पाहू लागली. त्या मालिकेत रुपेरी केसांची एक वकीलबाई होती. ती आवाज न चढवता प्रश्न विचारी, आणि साक्षीदार एकेक पाऊल टाकीत तिच्या जाळ्यात येई. जाळी विणणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या दीपालीला त्या बाईविषयी आदर वाटल्यावाचून राहिला नाही.

एके दुपारी कॅन्टीनमध्ये तिच्या इयरफोनची पिन निसटली, आणि "ऑब्जेक्शन, युवर ऑनर" असा वकीलबाईचा करारी स्वर भाताच्या वाफेतून सर्व टेबलांवर पसरला. माना वळल्या. दीपालीचे कान तापले.

शेजारच्या टेबलावर एक तरुण ताक पीत होता. पेला खाली न ठेवता, वरही न पाहता तो शांतपणे म्हणाला, "ओव्हररूल्ड."

हरकत फेटाळली गेली होती. दीपालीला हसू आवरेना.

"तुम्हीपण बघता?" तिने विचारले.

"तिसरा सीझन चालू आहे. तुमचा?"

"पहिलाच."

"म्हणजे तो लाल टायवाला निर्दोष आहे, असं अजून वाटत असेल तुम्हाला."

"पुढचं सांगू नका हं."

"नाही सांगत. ऑफ द रेकॉर्डसुद्धा नाही."

त्याचे नाव विक्रम. वडील जळगावकडचे, तारापूरच्या वीजकेंद्रातील नोकरीच्या निमित्ताने आले आणि निवृत्तीनंतरही बोईसरलाच राहिले. विक्रम कारखान्यात उपकरणांच्या दुरुस्तीचे काम पाही. त्याचेही दुखणे तेच होते: हात यंत्रांशी अस्खलित बोलत, तोंड साहेबांसमोर अडखळे.

त्या दिवसापासून इयरफोनचे एक टोक तिच्या कानात आणि दुसरे त्याच्या कानात, असा क्रम सुरू झाला. वायर आखूड होती. म्हणून खुर्च्या जवळ आल्या. दोघांनी त्याचे कारण वायर एवढेच मानले. भाग संपला की उरलेल्या वेळात त्यांचे न्यायालय भरे. स्टीलचा पेला टेबलावर आपटला की कामकाज सुरू, आणि त्यानंतर ज्याच्या तोंडून मराठी शब्द निघेल त्याने आपला पापड दुसऱ्याच्या ताटात ठेवायचा, असा दंड ठरला होता.

"मिस दीपाली," विक्रम एकदा उलटतपासणी घेत म्हणाला, "इज इट नॉट ट्रू दॅट यस्टरडे यू सेव्ह्ड धिस चेअर फॉर मी?"

"ऑब्जेक्शन. लीडिंग."

"लीडिंग म्हणजे?"

"उत्तर तोंडात कोंबून विचारलेला प्रश्न. आणि तुमचा पापड गेला."

"तुम्हीही आत्ता मराठीच बोललात."

"मी न्यायाधीशांना माहिती दिली. त्याला दंड नसतो."

"कुठल्या कायद्यात?"

"नवापूरच्या."

त्याने पापड मोडून अर्धा तिच्या ताटात ठेवला. अर्ध्या पापडावर तडजोड झाली... आणि खुर्ची खरोखर तिनेच राखून ठेवली होती की नाही, हे त्या दिवशी कागदावर आले नाही.

असे त्यांचे शिक्षण चालले. 'पुराव्याचा भार', 'संशयाचा फायदा', 'फितूर साक्षीदार' यांची इंग्रजी रूपे त्यांच्या जिभेवर खेळू लागली. दीपाली आता विदेशी ग्राहकांच्या फोनला घाबरत नसे. परंतु शब्दांच्या सोबतीने त्या वकीलबाईचे दोन नियमही आले होते. साक्षीदाराने विचारले तेवढेच बोलावे, एक अक्षर अधिक नाही, हा नियम दीपालीने उचलला. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही असा प्रश्न कधीही विचारू नये, हा नियम विक्रमला फार पटला. दोन्ही नियम न्यायालयात उत्तम असतील. पण एकाने विचारायचे नाही आणि दुसरीने विचारल्याखेरीज सांगायचे नाही, असे ठरल्यावर त्या दोन खुर्च्यांच्या मध्ये जे उगवत होते, त्याला वाणी कुठून मिळावी?

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी विक्रम प्रयोगशाळेतील तापमापक तपासायला आला. काम उरकूनही तो दाराशी रेंगाळला.

"कंपनी मला गुजरातेतल्या दहेजच्या कारखान्यात पाठवतेय," तो म्हणाला. "पद वरचं आहे. शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय."

दीपालीच्या हातात चाचणीनंतर जपून ठेवायच्या औषधाची बाटली होती. "मग... तुम्ही काय ठरवलंत?"

"ठरवलं नाही. इथे राहण्यासारखं काही कारण असेल, तर..." तो थांबला. तिच्या डोळ्यांत त्याने उत्तर शोधले; खात्री होईना. "बघू."

त्याने विचारले नाही. म्हणून तिने सांगितले नाही. तो गेल्यावर ती बाटली तिने फडताळात ठेवली, दिवा मालवला आणि घरी निघाली. ती बाटली शीतकपाटात ठेवायची होती, हे त्या क्षणी तिच्या ध्यानी राहिले नाही.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ग्राहक कंपनीच्या निरीक्षक बाई डेन्मार्कहून आल्या. वयस्कर, सौम्य, हातात पेन. प्रयोगशाळेच्या प्रमुख स्वाती मॅडमनी माहिती देण्याचे काम दीपालीवर सोपवले होते, आणि ती सुरेख बोलत होती. फडताळापाशी मात्र निरीक्षक बाई थबकल्या. ही बाटली थंड जागेत असायला हवी होती, इथे कशी, असे त्यांनी इंग्रजीत, अगदी सहज विचारले.

दीपालीने बाटली पाहिली आणि तिला कालची संध्याकाळ आठवली. 'मिस्टेक' हा शब्द तिला पाचवीपासून ठाऊक होता. परंतु जीभ महिनोन्महिने ज्या वाटेने धावली होती, त्याच वाटेने धावली.

"आय हॅव नो रेकलेक्शन ऑफ दॅट," ती ताठ मानेने म्हणाली. आठवत नाही. आणि पाठोपाठ वकीलबाईच्याच ठसक्यात, "इज देअर एनी एव्हिडन्स दॅट आय पुट इट देअर?"

निरीक्षक बाईंचे पेन थांबले. इतका वेळ हसऱ्या असलेल्या त्या चेहऱ्यावर सावधपणा आला. स्वाती मॅडमनी दीपालीकडे अशा नजरेने पाहिले की जणू ही मुलगी त्यांना आज प्रथमच दिसत होती.

त्या शांततेत दीपालीला स्वतःचे वाक्य ऐकू आले. उच्चार निर्दोष होता, व्याकरण निर्दोष होते. आणि तरी त्या वाक्याची तिला लाज वाटली. हे बोलणारी मी कोण? नवापूरच्या किनाऱ्यावर आई मासळी विकताना टोपलीतला शिळा मासा स्वतः उचलून बाजूला ठेवते, गिऱ्हाइकाने विचारायची वाट पाहत नाही. त्या आईची मी मुलगी ना?

"मॅडम," ती स्वातीबाईंकडे वळून मराठीत म्हणाली, "त्यांना सांगा, मी आत्ता खोटं बोलले. बाटली काल संध्याकाळी मीच ठेवली. माझं लक्ष दुसरीकडे होतं. चूक माझी आहे. हा नमुना बाद धरून नवा काढावा लागेल."

स्वाती मॅडमनी शब्दशः सांगितले. निरीक्षक बाईंनी ऐकून घेतले, काही लिहिले, आणि दीपालीच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून त्या पुढच्या खोलीकडे निघाल्या. जाताना त्या मॅडमना जे म्हणाल्या, ते दीपालीला स्पष्ट कळले: जी मुलगी न विचारता इतके सांगते, तिच्या बाकीच्या नोंदींवर मी विश्वास ठेवीन.

'न विचारता' हे शब्द दिवसभर तिच्यासोबत राहिले.

पाळी सुटल्यावर ती फाटकाजवळच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहिली. उन्हे तिरपी झाली होती. विक्रम हेल्मेट हातात घेऊन बाहेर आला आणि तिला पाहून नेहमीप्रमाणे हसला. "ऐकलं मी. हॉस्टाइल विटनेस झालात म्हणे. तेही स्वतःच्याच विरुद्ध."

"हो. आणि साक्ष अजून संपलेली नाही."

"कोर्ट उठलंय, मॅडम. चहा सांगू?"

"चहा नंतर. आधी ऐक." तिच्या तोंडून 'तुम्ही' गळून पडले, हे दोघांनाही जाणवले. "ती खुर्ची मी राखून ठेवत होते. रोज. काल तू दारात उभा होतास, तेव्हा मला म्हणायचं होतं, की जाऊ नकोस. तू विचारलं नाहीस, म्हणून मी गप्प राहिले. पण तू विचारल्यावर मी नाही म्हणाले असते, तर ते खोटं झालं असतं, आणि गप्प राहिले, तेही... खोटंच झालं."

विक्रमने हेल्मेट बाकावर ठेवले. पुन्हा उचलले. पुन्हा ठेवले.

"दीपाली... मी आज सकाळीच हो सांगून आलो. दहेजला."

टपरीवाल्याने न सांगताच चहाचे दोन पेले समोर आणून ठेवले. कोणीच हात लावला नाही.

"शनिवारपर्यंत मुदत होती ना?" ती हळूच म्हणाली.

"होती. पण आणखी एक दिवस तुझ्यासमोर बसून न विचारता राहणं जमलं नसतं मला. उत्तर ठाऊक नव्हतं. 'नाही' असं उत्तर आलं असतं, तर ती खुर्चीही गेली असती. म्हणून पळालो." तो खाली पाहत होता. "शब्द दिलाय आता. वर्षभर तरी जावं लागेल."

"मग जा. दिलेला शब्द मोड, असं मी म्हणणार नाही." तिचा आवाज किंचित हलला, पण नजर हलली नाही. "तुला दुसरं काही विचारायचं असेल, तर मात्र आज विचार. उत्तर ठाऊक नसताना."

विक्रमने मान वर केली. "उत्तर तर तू आत्ताच दिलंस."

"ते माझं झालं. माझ्या आईचं कुठे ठाऊक आहे तुला?"

रविवारी सकाळी तो नवापूरला आला. किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत होते आणि वाऱ्यात त्यांचा उग्र, खारा दरवळ होता. दीपालीची आई इंदुबाई कमरेला पदर खोचून ते उलटीत होती. तिने पाव्हण्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"जळगावचा म्हंजे माळकरी का काय? मासळी खातो का तू?"

हो म्हण, असे दीपालीचे डोळे सांगत होते. गावात येणाऱ्या जावयाने पहिल्याच दिवशी म्हावऱ्याला नकार दिलेला कोणी पाहिला नव्हता.

"नाही खात, आई," विक्रम म्हणाला. "घरात कोणीच खात नाही. आज खातो म्हणालो असतो, तर पहिल्याच जेवणात पकडला गेलो असतो."

इंदुबाईचे हात क्षणभर थांबले. मग तिने आणखी एक बोंबील उलटला.

"आन् वास? माझी पोर याच वासात वाढलेली हाय. तुझ्या घरात तिनं तवा चढवला तं?"

"तवा तिचा, चूलही तिची. माझी हरकत नाही. घरच्यांची असेल, त्यांच्याशी मी बोलेन. सोपं जाईल, असं मात्र सांगत नाही."

"वरीसभर लांब जातो म्हनते ही."

"जातो. दर सुट्टीला येईन. तुम्ही येऊ द्याल का, हे विचारायला आलोय. उत्तर काय असेल, ते मला खरंच ठाऊक नाही."

लाट आली, वाळू भिजवून परत गेली. मग इंदुबाईने हात पदराला पुसले आणि मुलीकडे वळली.

"खोटं नाय बोलला. आमी यवढंच बघतो. जा, च्या ठेव त्याला. आन् दोन अंडी उकड, तीबी खात नसल तं पोहे कर."

"पोहे," विक्रम नम्रपणे म्हणाला.

"सस्टेन्ड, मान्य," दीपाली पुटपुटली, आणि घराकडे वळताना तिचे डोळे भरून आले होते.

दहेजची गाडी आपल्या वेळेला येईल आणि जाईल. वर्ष सरायला वर्ष लागते. त्यात माणसाच्या इच्छेचे काही चालत नाही. या दोघांना शब्द पुष्कळ मिळाले आहेत, एका भाषेतले आणि दुसऱ्या भाषेतलेही. त्यांतला प्रत्येक शब्द एकमेकांपाशी सरळ पोहोचो, न विचारता सांगण्याचे आणि न ठाऊक असता विचारण्याचे धैर्य त्यांच्या संसाराला लाभो, आणि त्या घरात कधी न्यायालय भरलेच, तर दर वेळी निकाल अर्ध्या पापडावर लागो.