लाल पिसांची चटई

त्या पहाटे मी टोपली घेऊन रताळी काढायला निघालो होतो. घरात अजून मयताचे पाहुणे होते, त्यांच्यासाठी चुलीवर काहीतरी चढायला हवं होतं. मळ्याची वाट कबरीजवळून जाते. तिथे फेलेती आहे, माझा धाकटा भाऊ. सात वर्षांचा, दुसरीतला. त्याला पुरून सहा दिवस झाले होते.

तो झोपेत अंथरूण ओलं करायचा. आई-बाबा ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेले, तेव्हापासून जास्तच. मी चौथीत शाळा सोडलेला, मला त्यातलं काय कळणार? मी त्याला एवढंच शिकवलं होतं : उजाडायच्या आत चटई समुद्रात बुचकळायची आणि मागच्या कुंपणावर टाकायची, ओली बाजू समुद्राकडे. रस्त्यावरून दिसली, की शाळेत जाणारी पोरं ओरडायची, "ए फेलेती, रात्री भरती आली का रे?"

दर वेळी मी सोबत जायचो. त्या दिवशी नाही गेलो.

"दादा... परत झालं." त्यानं माझा खांदा हलवला.

मी डोळेही उघडले नाहीत. लाथ मारली. "जा, एकटा धू. रोजची कटकट!"

चटई संध्याकाळी किनाऱ्याला लागली. तो दुसऱ्या दिवशी.

टोंगात आम्ही माणसाला चटईत गुंडाळून पुरतो, आणि आत्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. आई-बाबांना येता आलं नाही. लोसे आत्यानं स्वतःची लाल पिसांच्या काठाची चटई काढली, तिच्या आजीनं विणलेली.

"आत्या, ही नको," मी म्हणालो. "त्याची जुनीच घाल. हिच्यावर तो झोपणार नाही."

"डोकं फिरलंय का तुझं? भावाला मुताच्या चटईत पुरतोस? गाव तोंडात शेण घालेल!"

त्याला लाल चटईतच गुंडाळलं. नाताळात आत्याच्या घरी हीच चटई अंथरली होती, तेव्हा फेलेती रात्रभर खांबाला टेकून जागा बसला होता. "भिजली तर आत्या मारेल," म्हणाला होता. हे मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो.

तर त्या पहाटे मी कबरीशी थांबलो. वरची पांढरी वाळू मी रोज संध्याकाळी हातानं सारखी करतो. सगळी कोरडी होती, फक्त मधोमध थाळीएवढी जागा ओली. मी बोट लावून हुंगलं. तो वास मी दोन वर्षं धुतलाय.

टोपली टाकून घरी पळालो. "आत्या... वाळू ओली आहे."

"दव असेल."

"दव एवढ्याशाच जागी पडतं?"

ती हळूच म्हणाली, "पाहुण्यांत बोलू नकोस... कुणालाच सांगू नकोस."

म्हणजे तो तिथेही जागाच बसला होता. बसून बसून डुलकी लागली असेल.

संध्याकाळी मी वाळू सारखी केली आणि त्याची जुनी चटई वर अंथरली. "फेल्या, हिच्यावर झोप. ही भिजली तर भिजू दे. काही झालं तर मला उठव, मी येतो. देवाशपथ येतो." दाराशीच पडलो, जागा राहायचं ठरवून. कधी डोळा लागला, कळलं नाही.

फटफटताना धावत गेलो. चटई कोरडी. तिच्यावर कुणी झोपलं नव्हतं. खालच्या वाळूत माझ्याच बोटांच्या रेघा, एकही मोडलेली नाही.

घरी आलो तर आत्या मागच्या दारात उभी, तोंडावर हात धरून. "लिसिअते... तू खणलंस?"

कुंपणावर लाल पिसांची चटई होती. खारं पाणी टपटपत होतं. ओली बाजू समुद्राकडे, दोन्ही टोकं सारखी, मी शिकवलं होतं तशी.

या वेळी त्यानं मला उठवलं नव्हतं.