निनावी आलं

शांताक्का दळणाचा डबा घेऊन गिरणीवर निघाल्या, तेव्हा सुनेचं काम ऐन रंगात आलं होतं.

"पोर निजलीय झोळीत. कान ठिव गं," त्या दारातनं म्हणाल्या.

"व्हय अत्ती, जावा तुम्ही."

आता कान ठेवायला शिवप्रियाला कुणी सांगावं? तिची भाकरीच कानावर होती. जन्मापासून दिसत नसलेली ही बाई अणदूरच्या घरात बसून पुण्यातल्या एका कंपनीची वेबपानं तपासायची. पानावर आपोआप काही बदललं, तर लॅपटॉपमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारं यंत्र, ते न विचारता बोलून दाखवतं का, हे बघायचं. बघायचं म्हणजे ऐकायचं. एका कानात हेडफोन, दुसरा कान आतल्या खोलीतल्या गौराकडं. पोर एवढीशी होती, अजून धड पालथीसुद्धा पडत नव्हती.

त्या दुपारी ऑनलाइन बैठकीचं पान होतं. माणूस आत आला की यंत्रानं सांगायचं. पण हे सांगणं अदबीचं ठेवलेलं. म्हणजे तुम्ही टाइप करताय तोवर ते गप्प बसणार, तुमचे हात थांबले की मग बोलणार. ही अदब शिवप्रियानंच मागून घेतली होती. सारखं मधे मधे बोललं की तिचं डोकं उठायचं.

पानात एक खोट होती. आलेलं माणूस ते सांगायचं, गेलेलं सांगायचं नाही. त्याचाच अहवाल ती टाइप करत बसली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लिहिता लिहिता बराच वेळ गेला, आणि तिनं हात थांबवले.

"गौरा आली," यंत्र बोललं.

ती दचकलीच. मग हसली आणि पुण्याच्या बसवेशला फोन लावला. पान त्यानंच बनवलेलं.

"चेष्टा करताय व्हय? पोरीचं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुठलं नाव, ताई? मला पानावर तुम्ही अन् मी, दोघंच दिसतोय."

ती काही बोलणार, तेवढ्यात यंत्र पुन्हा बोललं.

"निनावी आलं."

हे आत्ता आलं, का मघाच आलंय आणि यंत्र आपले हात थांबायची वाट बघत होतं? हेडफोन तिथंच टाकून ती भिंतीला हात लावत आत धावली. झोळी मंद हलत होती. वारा तर नव्हता. तिनं आत हात घातला... होती बाई, पोर होती! तिनं तिला उचलून छातीशी धरलं. अंग जरा गार लागलं. पण जीव भांड्यात पडल्यावर गार-गरम कोण बघतं? पोर रडली नाही. तिनं आईचं बोट तेवढं मुठीत धरलं.

पोरीला मांडीवर घेऊन ती पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. बाहेरचं सगळं ऐकू यावं म्हणून हेडफोनची वायर लॅपटॉपमधनं उपसली आणि आवाज मोकळा सोडला. फोन चालूच होता.

"बसवेश... ते अजून आत हाय का गेलं, मला कळायला पायजे."

"थांबा. गेलेलं पण बोलंल असं करतो." बटणांची टकटक ऐकू आली. "झालं. आता पान ताजं करा."

तिनं केलं. यंत्र बोललं.

"गौरा बाहेर गेली."

"अगं बाई, खुळं झालंय तुमचं पान!" तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "पोर माझ्या मांडीवर हाय की!"

ती पुढं ऐकत राहिली. निनावी गेल्याचं यंत्र काही बोललं नाही.

मग ओसरीवर डबा आपटल्याचा आवाज झाला. "शिवप्रिया! डोकं फिरलं का तुझं? लेकराला असं उन्हात, पार गोठ्याच्या जोत्यावर टाकतात का? रडून रडून आवाज बसलाय बाळाचा!"

आणि तो बसका आवाज तिला ऐकू आला. हुंदके देणारा, ओळखीचा. तिच्या गौराचा.

तिचा हात मांडीवरच्या गळ्याकडं गेला. गौराच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग असायचं. जंगम गुरूंनी बारशाआधी बांधलेलं, दोऱ्यात ओवलेलं. आंघोळीलासुद्धा ते कुणी काढत नसे. बोटं इकडून तिकडं फिरली. दोरा नव्हता. नुसतं गार, गुळगुळीत कातडं होतं.

बाळाला घेऊन आलेल्या शांताक्कांची पावलं उंबऱ्यात थांबली. त्यांनी श्वास आत ओढला, तो सोडलाच नाही.

"अत्ती... काय हाय हे?"

"बोलू नको," शांताक्का अगदी हळू म्हणाल्या. "खाली ठिव ते... हळू ठिव... अन् माझ्याकडं ये."

शिवप्रियानं दोन्ही हात सोडले. मांडीवरचं वजन उतरलं नाही. बोटावरची मूठ मात्र आणखी आवळली.