बारा पावलं

पहिलं पाऊल.
इचलकरंजीच्या भाजीबाजारात अनसूया कोष्टी मेथीची जुडी निवडत होत्या, तेवढ्यात पिशवीतला फोन बोलला: "तुमची चाल जुळत नाही. अपंग भत्ता थांबवला आहे. फसवणुकीची सुनावणी सोमवारी."
भाजीवाली हसली. "काय गं अनसूया, चोरून पळतीस की काय?"

दुसरं.
भत्ता हवा तर 'चालओळख' करून घ्यावी लागे. कार्यालयातली एक बोलती यंत्र-भिंत माणसाची बारा पावलं पाहायची आणि ती चाल कायमची लक्षात ठेवायची. अनसूयाबाईंचा डावा पाय लहानपणच्या पोलिओनं दोन इंच आखूड. त्या भिंतीसमोर त्या लंगडल्या होत्या. बाजारातल्या कॅमेऱ्यांनी मात्र त्यांना तीनदा सरळ चालताना टिपलं होतं. आरोप सिद्ध झाला तर भत्ता कायमचा बंद, वर तुरुंग.

तिसरं, चौथं, पाचवं: मोफत कायदा मदत केंद्राचे दोन जिने.

सहावं.
वकील निशिगंधा ढाले अर्धा वडापाव हातात घेऊन ऐकत होती. "मावशी, खरं सांगा. कार्यालयात मुद्दाम लंगडलात?"
"खोटं बोलायला दोन जिने चढून कोण येतंय?" अनसूयाबाई उठल्याच. "जाते मी."
"अहो, थांबा!" त्यांना अडवायला निशिगंधा दाराबाहेर धावली आणि तिथल्या चपलेला अडखळून आपटली. वडा एकीकडे, पाव दुसरीकडे. ती तशीच बसून चपलेकडे बघत राहिली. डाव्या चपलेचा तळ दोन इंच जाड होता.
"ही तुमची?"
"मग कुणाची? गल्लीतल्या शंकरनं करून दिलीय. घातली की पाय सारखे पडतात."
"तपासणीला घालून गेला होता?"
"घालून आत? एवढी चकचकीत लादी! दाराशी काढली. सगळ्यांनीच काढली होती."
"कुणी काढायला सांगितलं?"
"ते काय सांगावं लागतंय?"
निशिगंधानं बसल्या जागीच टाळी वाजवली. "मावशी, जिंकलो!"

सातवं, आठवं, नववं, दहावं, अकरावं.
सोमवार. सुनावणी त्याच भिंतीपुढे. अनसूयाबाई तिच्यासमोर चपलेसकट चालल्या. भिंतीच्या पडद्यावरची चालीची रेघ सरळ. मग अनवाणी. रेघ हेलकावली. दोन्ही चाली एकाच बाईच्या!
भिंत म्हणाली, "चपलेसह चाल सरळ आहे. मग अपंगत्व उरलेलं नाही, असं समजायचं का?"
निशिगंधा तोंड उघडणार, तोच अनसूयाबाई म्हणाल्या, "चप्पल काढली की मी लंगडी. तुझी वीज काढली की तू कोण गं?"
कारकून फिसकन हसला. भिंतीनं दोन्ही रेघा शेजारी-शेजारी मांडल्या.
"आरोप मागे. भत्ता सुरू."

बारावं.
ते पडायचं राहिलं होतं. निशिगंधा जागची हलेना. तिनं भिंतीलाच विचारलं,
"चाल जुळत नाही म्हणून या जिल्ह्यात आणखी किती जणांवर आरोप आहेत?"
"चारशे बारा."
"त्यांच्या तपासणीच्या दिवशीचं दाराबाहेरचं चित्रण आहे?"
"आहे."
"दाखव."
पडद्यावर चपलांच्या रांगा उमटू लागल्या. झिजलेल्या, शिवलेल्या, उलट्या पडलेल्या. अनसूयाबाई भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.
"पोरी, ती बघ! ती पण एका बाजूनं जाड हाय. कुणाची गं ती?"