कधीच न चुकणारा भाकीतमामा

एखादं यंत्र कधीच चुकत नसेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा की त्याचा संशय घ्यावा? खडकवेळच्या माध्यमिक शाळेतल्या मोठ्या माणसांना हा प्रश्न अगदी सोपा वाटला होता, आणि त्यापायी कितीतरी मुलांची शाळा सुटली.

गोष्ट आजपासून काही वर्षांनंतरची आहे. ऊस तोडणारी मोठाली यंत्रं तोवर आली होती, पण ती सपाट, ऐसपैस शेतांत चालत. चढउताराच्या चिंचोळ्या फडांत माणसांनाच उतरावं लागे. दिवाळी झाली की खडकवेळचे अर्धेअधिक आईबाप कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागत आणि ऐन उन्हाळ्यात परतत. मुलांची शाळा बुडू नये म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह (आईबाप बाहेरगावी असतील तेवढे महिने मुलांची राहण्या-जेवणाची सोय) होतं. पण खाटा थोड्या आणि मुलं फार.

खाट कुणाला द्यायची, हे भाकीतमामा ठरवी. कार्यालयात उभ्या केलेल्या कपाटाएवढ्या बोलक्या यंत्राला पोरांनी हे नाव दिलं होतं. भाकीत म्हणजे पुढे काय घडेल याचा आधीच बांधलेला अंदाज. आठवीत आलेल्या मुलानं यंत्रासमोर उभं राहून नाव सांगायचं. हिरवा दिवा लागला तर मूल दहावीपर्यंत टिकणार, लाल लागला तर मध्येच शाळा सोडणार. हिरव्या दिव्याच्या मुलांना खाटा मिळत. जो जाणारच आहे त्याला खाट देऊन ती वाया का घालवायची, असं मुख्याध्यापक तांदळे सर म्हणत. सर वाईट नव्हते बरं का. पूर्वी खाटा वशिल्यानं जायच्या, ते थांबावं म्हणून त्यांनीच खटपट करून हे यंत्र आणलं होतं. आणि यंत्र एकदाही चुकलं नव्हतं.

रेवती जायभायेचा मोठा भाऊ दिगंबर गणितात सगळ्या शाळेला भारी होता. त्याच्या वेळी लाल दिवा लागला. खाट नाही म्हणून तो आईबापाबरोबर फडावर गेला, आणि दुसऱ्या वर्षी उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरला. त्याचा डावा पाय अजून वाकत नाही. तो शाळेत परतलाच नाही, तेव्हा यंत्रानं आपलं भाकीत खरं ठरल्याची नोंद करून घेतली. मला विचाराल तर असल्या अचूकपणाचा राग यायला हवा. पण राग कुणालाच आला नाही.

रेवती आठवीत आली त्या जूनमध्ये ती यंत्रासमोर उभी राहिली आणि लाल दिवा लागला. घरी कळल्यावर वडील एवढंच म्हणाले की नशिबात असेल तसं होईल. रेवती मात्र त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या आठवड्यात घरची कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली. आई एकेक अंडं उजेडासमोर धरून बघू लागली. चांगली वाटली ती तिनं उबवायला ठेवली, दोन-तीन फुटणार नाहीत म्हणून बाजूला काढली. आईची नजर कधी चुकत नाही, असं शेजारणी म्हणत. रेवती बाजूच्या अंड्यांकडे बघत बसली. ही फुटणार नाहीत हे खरंच, पण आता ती कोंबडीखाली ठेवणारच कोण होतं? नुसती टोपलीत पडलेली अंडी कशी फुटतील? तिला खाट न मिळालेला दिगंबर आठवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती कार्यालयात गेली. तांदळे सर टेबलाशी डबा खात होते. तिनं त्यांची परवानगी घेतली आणि यंत्राला विचारलं, "मामा, लाल दिवा लागलेली किती पोरं वसतिगृहात राहिली?"

"एकही नाही," यंत्र म्हणालं.

"ती राहिली असती तर शिकली असती का न्हाई?"

"त्याची विदा (जमवलेल्या नोंदींचा साठा) माझ्याकडे नाही."

"मग ती जाणार हे तुला कशावरून कळतं?"

यंत्रानं पायरीपायरीनं सांगितलं. वसतिगृह नव्हतं तेव्हाच्या नोंदी त्याला शिकवल्या होत्या. त्यांत ऊस तोडायला जाणाऱ्यांची मुलं, त्यातही ज्यांची थोरली भावंडं शाळेतून गळाली होती ती, बहुतेक शाळा सोडत. म्हणून तशा मुलांना ते लाल दिवा दाखवी. लाल दिवा म्हणून खाट नाही, खाट नाही म्हणून मूल फडावर, फडावर म्हणून परीक्षा बुडे आणि शाळा सुटे. ती नवी नोंद पुन्हा यंत्राकडेच येई, आणि पुढच्या भावंडाच्या वेळी ते आणखी खात्रीनं लाल दिवा लावी. अशाला स्वतःला खरं करणारं भाकीत म्हणतात. ते भविष्य नुसतं सांगत नाही, घडवतं.

सरांचा घास हातातच राहिला. "हे तू आधी का नाही सांगितलंस?" त्यांनी यंत्राला विचारलं.

"कोण जाईल एवढंच मला विचारलं होतं," यंत्र म्हणालं. "का जाईल, हे कुणी विचारलं नाही."

सरांनी डबा बाजूला सारला. मग त्यांनी रेवतीलाच विचारलं की आता काय करावं. ती म्हणाली, "खाटा देऊन बघा की सर. दिल्याबगर कसं कळंल?"

पण सगळ्यांना पुरतील एवढ्या खाटा नव्हत्याच. सरांनी अर्ध्या खाटा हिरव्या दिव्याच्या मुलांसाठी ठेवल्या आणि अर्ध्या लाल दिव्याच्या. दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. कारण आवडीनं मुलं निवडली असती, तर निकाल खाटेमुळे लागला की निवडीमुळे, हे कळलं नसतं. चिठ्ठीत नाव न निघालेली मुलं म्हणजे तुलनागट (ज्याच्याशी ताडून फरक मोजायचा तो गट). हुशार पोरांचं वाटोळं करता का, म्हणून पालकांनी सभेत आरडाओरडा केला. सरांनी तो मान खाली घालून ऐकून घेतला, पण ठरलेलं बदललं नाही.

दिवाळीआधी सर्वांसमोर चिठ्ठ्या काढल्या. रेवतीची निघाली नाही.

सर म्हणाले, तुझ्यामुळे हे झालं, तुला एक खाट जास्तीची घालतो. तिला मोह झाला. पण लाल दिव्याची आणखीही मुलं तिथेच उभी होती, आणि त्यांच्यासाठी जास्तीची खाट कुणी घालणार नव्हतं. ती नको म्हणाली. घरी येऊन मात्र ती आईच्या कुशीत तोंड खुपसून खूप रडली.

तो हंगाम वाईट गेला. उसाच्या वाळक्या पाचटानं हात चिरले, पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधून बोटं आखडली. आठवीची वार्षिक परीक्षा तिकडे शाळेत झाली तेव्हा ती फडात होती.

उन्हाळ्यात परतल्यावर तिला निकाल कळला. खाट मिळालेली लाल दिव्याची मुलं, एक पळून गेलेला सोडता, सगळी नववीत गेली होती. आणि खाट न मिळालेल्या हिरव्या दिव्याच्या मुलांपैकी निम्म्यांची परीक्षा बुडाली होती. यंत्र पहिल्यांदाच चुकलं होतं, तेही दोन्ही बाजूंनी. तांदळे सरांनी शिक्षकांची खोली आणि प्रयोगशाळेचा अर्धा भाग रिकामा केला, गावात फिरून खाटा मागितल्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या प्रत्येक मुलाला जागा दिली. शिक्षक आता व्हरांड्यात बसून वह्या तपासतात.

रेवतीला पुन्हा आठवीत बसावं लागलं. तिच्याबरोबरची मुलं पुढे निघून गेली, याचं तिला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. त्या जूनमध्ये यंत्र नव्या नोंदी शिकलं, तेव्हा सरांनी तिला बोलावलं. तिनं समोर उभं राहून नाव सांगितलं. एकही दिवा लागला नाही.

"मामा, माझं काय होईल?" तिनं विचारलं.

"मला सांगता येत नाही," यंत्र म्हणालं. "तुझ्यासारखी मुलं आता राहतातही आणि जातातही."

तिच्याबद्दल काहीच ठरलेलं नाही, असं आजवर तिला कुणीच सांगितलं नव्हतं. घरी जाऊन तिनं दिगंबरला सांगितलं की त्यानंही शाळेत येऊन नाव सांगावं, कदाचित त्याचंही अजून काही ठरलेलं नसेल.